पुढचा डेस्कटॉप कधी येणार, हे आम्हाला ओळखायला लावू नका

प्रति,
संगणक व सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या, त्यांचे वितरक आणि केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग

विषय : डेस्कटॉपमधील पुढील बदलाची लेखी पूर्वसूचना मिळण्याबाबत

महोदय,

आम्ही नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत डेस्कटॉप जोडून विकणारे व दुरुस्त करणारे दुकानदार आहोत. भाव ऐकून झाला की गिऱ्हाईक एकच विचारते : आत्ता घेऊ, की नवीन येईपर्यंत थांबू? लातुरात शिकायला मूल ठेवलेला बाप असो, उदगीरचा झेरॉक्सवाला असो की किनवटचा सेवा केंद्रचालक, प्रश्न हाच. आम्ही अंदाजाने उत्तर देतो. सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर घेतलेला संगणक आमच्याकडे सात-आठ वर्षे चालवतात. त्यामुळे चुकलेला अंदाज त्या घराला तेवढी वर्षे सोसावा लागतो.

जानेवारी 2017 मध्ये इंटेलचे सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले आणि ऑक्टोबरात आठव्या पिढीचे. सॉकेटचे नाव तेच राहिले, एलजीए 1151. तरी नव्या प्रोसेसरला 300 मालिकेचा चिपसेट असलेला बोर्ड लागे. पुढे 5 ऑक्टोबर 2021 रोजी विंडोज 11 आले. त्यासाठी टीपीएम 2.0 ची अट होती आणि इंटेलपुरती, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासूनच परवानगी. टायपिंग आणि ऑनलाइन अर्जांपुरते पाहिले तर दोन्ही यंत्रे तितकीच कामाची. पण काही महिने आधी घेणारा बाहेर राहिला आणि थांबलेला आत गेला. विंडोज 10 ची अखेरची तारीख, 14 ऑक्टोबर 2025, कितीतरी वर्षे आधी जाहीर होती. कोणते यंत्र पुढे जाणार नाही, हे मात्र जून 2021 पर्यंत कुणीच सांगितले नव्हते. आमची तक्रार नेमकी इथे आहे.

आधी सांगता येत नाही, हे आम्हाला मान्य नाही. एएमडीने एएम4 सॉकेट 2020 पर्यंत चालवण्याचे आधीच जाहीर केले होते, आणि त्यावर 2022 मध्येही नवे प्रोसेसर आले. एएम5 साठी त्यांनी 2027 पर्यंतचा शब्द दिला आहे. शब्द दिल्याने त्यांचा धंदा बुडाला नाही. नव्या मालाची रचना किंवा किंमत आम्ही मागत नाही. ती गुपिते कंपन्यांनी खुशाल जपावीत.

आमची मुख्य मागणी, जी सोडायला आम्ही तयार नाही, ती अशी : प्रत्येक मदरबोर्डाच्या आणि तयार डेस्कटॉपच्या खोक्यावर तीन गोष्टी मराठीतही छापाव्यात. या सॉकेटवर कोणत्या वर्षापर्यंत नवे प्रोसेसर बसतील, बायोस अपडेट कधीपर्यंत मिळतील आणि सुटे भाग किती वर्षे पुरवले जातील. गिऱ्हाइकाने ते वर्ष वाचावे आणि स्वतः ठरवावे.

वितरकांना आमचे सांगणे आहे की नवे मॉडेल बाजारात येण्याच्या निदान 90 दिवस आधी लेखी कळवा. महिनाअखेरीला टार्गेट भरण्यासाठी जुना माल गळ्यात मारायचा आणि पंधरवड्यात नवा जाहीर व्हायचा, हे थांबले पाहिजे. तालुक्याच्या दुकानात चार बोर्ड पडून राहिले तरी हंगामाची कमाई त्यात जाते. कळवले नसेल तर तो माल खरेदीच्या भावाने परत घ्या.

रॅमचे दु:ख वेगळे आहे. 2025 च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे भाव भडकले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. जगाची बाजारपेठ आमच्या हाती नाही, हे आम्ही जाणतो. निदान दिलेले कोटेशन 15 दिवस पाळावे.

ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, याचे आम्ही स्वागत केले. आता तिथे डेस्कटॉपचे सॉकेट, बायोस आणि सुट्या भागांच्या मुदती एका जागी दिसाव्यात, आणि ही माहिती देणे कंपन्यांना बंधनकारक करावे.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतात आणि आमचा खरा हंगामही तेव्हाच असतो. त्याआधी आपले लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील संगणक विक्रेते आणि दुरुस्ती व्यावसायिक