नर्स झाली, पण टिकणार कशी?

ऑक्टोबर २०२३ आठवा. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यात नवजात बाळंही होती. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं, व्हिडिओ त्याचेच जास्त फिरले. वॉर्डात नर्स किती, हा प्रश्न मागे पडला.

आणि नर्स तर आपल्याच गल्लीत तयार होताहेत! नांदेड-लातूरच्या आपल्या वस्त्यांतल्या मुली आता जीएनएमची तीन वर्षं, बीएस्सीची चार वर्षं पूर्ण करतात. अम्मीचे दागिने मोडून फी भरलेली असते.

आमची एक माजी विद्यार्थिनी एका खासगी दवाखान्यात लागली. दुसऱ्याच आठवड्यात रात्रीची पाळी, वॉर्डात एकटी. सिनियर सिस्टर फोनवर. उर्दू माध्यमातून शिकलेली, मराठी फर्डी बोलते, पण डॉक्टरांचं घाईचं इंग्रजी वाचताना हात थरथरायचा. चूक झाली तर रुग्णाचा जीव जाणार, आणि विचारायचं कुणाला? चार महिन्यांत घरी बसली. सर्टिफिकेटं मात्र अजून दवाखान्याच्याच कपाटात आहेत.

पगाराचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. तिने सांगितलं की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये द्या, २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतके. आमच्या मुलींच्या हातात पडणारी रक्कम याच्या जवळपासही नाही. सरकारीत जावं, तर तिथे कंत्राटाचं भूत. जुलै २०२५ मध्ये राज्यभरच्या परिचारिकांनी त्याविरोधातच संप केला.

दोष फक्त दवाखान्यांचा नाही. जलशात आपण हजरत रुफैदांचं नाव अभिमानाने घेतो, अन् नर्स मुलीचं स्थळ आलं की पहिला सवाल, "नाइट ड्यूटी करते का?" रात्री तिला आणायला भावाला झोप मोडवत नाही.

पहिले तीन महिने नव्या मुलीला अनुभवी सिस्टरसोबतच ठेवा, रात्रीच्या पाळीला गाडी द्या, मूळ कागद अडवू नका. यात कोणता खजिना रिकामा होतो?

येत्या सोमवारी आम्ही दोन-तीन शिक्षक तिच्या अब्बांसोबत त्या दवाखान्यात कागद मागायला जाणार आहोत. मुलगीही येते म्हणाली आहे.