बटणं मोजू नका, पाणी तपासा

ड्रिप कॉफीचं मशीन घ्यायला गेलं की दुकानदार आधी टायमर आणि स्क्रीन दाखवतो. सहेरीच्या वेळी टायमर उपयोगी पडतो, हे मान्य. पण पगारदार माणसाने पैसे मोजण्याआधी एकच विचारावं: पुडीवर पडणारं पाणी ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असतं का? पाणी कोमट असेल तर अर्क पुरता उतरत नाही, कॉफी आंबट आणि पाणचट लागते. मग आपण साखर वाढवतो आणि दोष पुडीला देतो.

घरात सगळे एका वेळी उठत नसतील तर काचेच्या भांड्याऐवजी थर्मास असलेलं मशीन घ्या. खालच्या गरम प्लेटवर राहिलेली कॉफी कडवट होते.

एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पूड पुरे, दळण मध्यम हवं. स्टीलच्या फिल्टरसाठीची चिकोरीमिश्रित बारीक पूड इथे चालत नाही, कागद तुंबतो. बोअरचं पाणी असेल तर क्षार साचतात. अधूनमधून लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवा.

आणि बजेट कमी असेल तर? १९०८ साली जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद आणि भोकं पाडलेलं भांडं घेऊन कॉफी गाळली होती. वीज नव्हती, बटण नव्हतं. स्वस्त, कोमट मशीनपेक्षा साधं फनेल, कागद आणि उकळून मिनिटभर थांबलेलं पाणी केव्हाही चांगलं. उरलेल्या पैशांत ताजी पूड आणा. मेहमानांना फरक कळेल.