शाळेबाहेरचे, पण वर्गातलेच

शाळा सुटल्याची घंटा झाली, की दिवसभराची चिडवाचिडवी दप्तराबरोबर कोपऱ्यात पडायची. आता ती मोबाइलमधून घरात शिरते. वर्गातल्या एखाद्या मुलीच्या फोटोचे स्टिकर तयार होते, रात्री अकराला ते चाळीस जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते आणि सकाळी प्रार्थनेला उभी राहताना तिला ठाऊक असते, की मागची सारी रांग ते पाहून आली आहे. मग शाळेच्या वेळेलाच पोट दुखू लागते, गैरहजेरी वाढते, चाचणीतले गुण उतरतात. पालकांना अभ्यासातली घसरण दिसते, तिचे कारण दिसत नाही. मूलही सांगत नाही. कारण सांगितले, की पहिली कुऱ्हाड त्याच्याच मोबाइलवर पडते.

मे २०२०मध्ये दिल्लीतील शाळकरी मुलांचा ‘बॉइज लॉकर रूम’ हा इन्स्टाग्रामवरील गट उघडकीस आला. अल्पवयीन मुलींची छायाचित्रे टाकून तिथे अश्लील शेरेबाजी चाले. तेव्हा देशभर हळहळ झाली, पण आपापल्या शाळेतल्या ग्रुपवर काय चालते, हे विचारायचे राहून गेले.

असे प्रकरण घेऊन पालक शाळेत गेले, की ‘हे शाळेबाहेर घडले, आम्ही काय करणार?’ हे उत्तर अनेकदा मिळते. ते सोयीचे आहे, कायद्याला धरून नाही. व्हॉट्सअॅपच्या जन्माआधीच, १९९९मध्ये, महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा केला. शैक्षणिक संस्थेच्या आत ‘किंवा बाहेर’ रॅगिंगला तो मनाई करतो. मानसिक त्रास देणारे, भीती वा लाज वाटायला लावणारे वर्तनही त्याच्या व्याख्येत बसते. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे. कारवाईत हयगय केली, तर गुन्ह्याला साथ दिल्याचा ठपका त्याच्यावरच येतो. हा कायदा महाविद्यालये आणि वसतिगृहांपुरताच आहे, अशी समजूत आपणच करून घेतली. शिक्षण देणारी संस्था म्हटल्यावर शाळा त्यातून सुटत नाही.

अर्थात, तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पोलिसांच्या दारात उभे करणे हा उपाय नव्हे. लैंगिक स्वरूपाचा मजकूर असेल, तर मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरोधातील ‘पॉक्सो’ कायद्याला बगल देता येणार नाही. बाकी प्रकरणांत स्टिकर बनवणाऱ्या एकाला शाळेतून काढले, तरी त्यावर हसलेले अडतीस जण वर्गात उरतातच. बोलायचे आहे ते त्यांच्याशी, आणि ते काम वर्गशिक्षकाचे आहे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळांनी सखी सावित्री समित्या नेमाव्यात, असे सरकारने २०२२मध्ये सांगितले होते. बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर २०२४मध्ये ते पुन्हा बजावावे लागले. या समित्यांनी कागदावरून उठून मुलांना आपला चेहरा दाखवावा. पालकांनी मोबाइल हिसकावण्याआधी मुलाचे ऐकावे आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. घरात किंवा शाळेत ऐकणारे कुणी नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, हे प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर लिहिलेले असावे.

कायद्याने चौकशीसाठी सात दिवस दिले आहेत. स्टिकर वर्गभर फिरायला सात मिनिटेही लागत नाहीत. तेव्हा मुख्याध्यापकांनी सातव्या दिवसाची वाट पाहू नये. तक्रार आली तोच चौकशीचा पहिला दिवस मानावा.