आरोग्याची वार्षिक मोजदाद

नांदेड-लातूरच्या पेढ्यांवर मालाची मोजदाद दरवर्षी होते. घरातील स्त्रीच्या आरोग्याची मात्र दुखणे असह्य होईपर्यंत राहून जाते. रक्तदाब, मधुमेह आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आरंभी मूकच असतात. म्हणून त्रास नसतानाच तपासणी हवी. 2022 च्या नवरात्रात राज्य शासनाने 18 वर्षांवरील स्त्रियांसाठी ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान राबविले, त्यामागे हाच विचार होता.

तिशीनंतर दरवर्षी रक्तदाब, साखर व हिमोग्लोबिन तपासावे. हिमोग्लोबिन 12 हून कमी असल्यास तो रक्तक्षय होय. शाकाहारी स्त्रियांनी बी-12 विषयीही डॉक्टरांना विचारावे. स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमानुसार दर पाच वर्षांनी करावी.

पर्युषणातील उपवासांपूर्वीचा एखादा दिवस त्यासाठी निश्चित करावा; मधुमेहाची औषधे घेणाऱ्या स्त्रियांना उपवासाविषयीचा सल्लाही तेव्हाच मिळेल. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या स्त्रीला उपाशीपोटीच्या रक्ततपासणीसाठी वेगळी तयारी करावी लागत नाही. जुन्या करप्रणालीत या खर्चावर, आरोग्यविम्याच्या एकूण मर्यादेत, 5,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. रक्कम रोख दिली तरी चालते.

अहवाल तारीखवार एका धारिकेत ठेवावेत. मागील आकड्याशी ताळा घेतल्यावाचून कोणताही हिशेब पुरा होत नाही.