नागद्वारचे यात्रेकरू आपले कोण?



मंडळाची उन्हाळी सहल पचमढीहून परतू लागली की बसमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : "जागा छान, पण नागपंचमीला मात्र येऊ नये हं, ती महादेववाल्यांची गर्दी असते." वाक्य चांगल्या मराठीत असते. बोलणारे आपलेच कोणी काका-काकू असतात. ज्यांच्याविषयी ते बोलतात तेही बहुतेक मराठीच, याचे बसमध्ये कोणाला काही वाटत नाही. आम्हालाही इतकी वर्षे वाटले नव्हते, हे आधीच कबूल करतो.

हे महादेववाले येतात अमरावती, वर्धा, नागपूर, यवतमाळ या बाजूंनी. शेतकरी, शेतमजूर, म्हाताऱ्या आया, कडेवर पोर घेतलेल्या सुना. नागद्वारची वाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते आणि वर्षातून नागपंचमीच्या आगेमागे तेवढे काही दिवस उघडते. भर पावसात, चिखलातून, लोखंडी शिड्या चढून ही माणसे गुहेपर्यंत जातात. महाशिवरात्रीला हेच लोक खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. पार्वती ही आपल्या विदर्भाची लेक, म्हणून महादेव आपला जावई, अशी त्यांची श्रद्धा. जावयाच्या घरी जाताना कोणी राज्याची हद्द विचारीत नसतो.

आणि हद्द तरी केव्हाची? नागपूर राजधानी होती तेव्हा पचमढी हे याच प्रांताचे उन्हाळी ठाणे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पचमढी मध्य प्रदेशात राहिली. देव एका राज्यात, भक्त दुसऱ्यात! आपण इंदूर, भोपाळ, जबलपूर, ग्वाल्हेरवाले मात्र देवाच्या बाजूला राहिलो. मग आल्यागेल्याची विचारपूस करणे कोणाचे काम होते?

३ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक पचमढीत झाली आणि तिथल्या अभयारण्याला राजा भभूतसिंहांचे नाव देण्याचे ठरले. आम्हाला त्याचा आनंदच झाला. फोर्साइथ साहेबाने पचमढी 'शोधून काढली' हे शाळेत पाठ केलेल्या आपल्या पिढीला, तिथे कोरकू आणि गोंड आधीपासून राहत होते, हे कोणीतरी सांगायलाच हवे होते. १८५८ मध्ये सातपुड्यात आलेल्या तात्या टोप्यांना याच भभूतसिंहांनी साथ दिली. तात्यांचे नाव आले की आपल्या सभेत टाळ्या पडतात. त्या डोंगरात आज येणाऱ्या मराठी माणसाला पाणी विचारायला मात्र आपल्यातले कोणी जात नाही.

गेल्या यात्रेत आम्ही तिघे-चौघे गेलो होतो. यात्रेकरूंच्या तळाशी एक आजी भिजलेले लुगडे आवळून बसल्या होत्या. त्यांचा पोहा, म्हणजे सोबत्यांची टोळी, पुढे निघून गेली होती. भोंग्यावर त्यांच्या नावाचा पुकारा दोनदा होऊन गेला होता. पण तो हिंदीत, घाईघाईत, आणि गावाचे नाव असे मोडून उच्चारलेले की आजींना ते आपले वाटलेच नाही. "माह्या गावाचं नाव कोनी घेतलंच नाही, बाप्पा," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आमच्यातल्या एका वहिनीने मराठीत पुकारा करू देण्याची विनंती केली. पुकारणाऱ्या बिचाऱ्या पोराने आनंदाने माईक दिला. सकाळपासून त्याचा घसा बसला होता. पाव तासात आजींचा नातू धावत आला. आता सांगा, यात अवघड काय होते? (आमच्या वहिनींचे मराठी हे आपले नेहमीचेच, अर्धे हिंदी. तरी काम झाले!)

कचरा होतो, प्लॅस्टिक जंगलात जाते, हे खरे आहे आणि त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. वनखात्याने त्याबाबत कडक राहावे. पण सुट्टीत जिप्सी करून धूपगडावर सूर्यास्त पाहायला जाणारे आपण वेफर्सची पाकिटे घरी घेऊन येतो का? गावातला चहावाला, चपला विकणारा, खोल्या भाड्याने देणारा, या सर्वांना यात्रेत चार पैसे मिळतात. विदर्भातली सेवामंडळे तर पावसात वाटेवर चुली मांडून भंडारे चालवतात. घाण तेवढी यात्रेकरूंची आणि निसर्गप्रेम आपले, ही वाटणी कोणी केली?

आमची मागणी मोठी नाही. यात्रेच्या काळात वाटेवरचे सूचनाफलक, दवाखान्याच्या पाट्या, हरवल्या-सापडल्याचे पुकारे हिंदीबरोबर मराठीतही असावेत. हिंदीशी आपले भांडण नाही. तिच्या अंगणात आपण पिढ्यान्‌पिढ्या वाढलो. पण घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यांकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. तो आपण किती वेळा वापरला? वर्षातून एकदा गणेशोत्सवात 'मराठी टिकली पाहिजे' असे भाषण करायचे, नाट्यगीतांना वाहवा द्यायची, आणि जिवंत मराठी बोलणारी माणसे दारावरून गेली की नाक मुरडायचे! त्यांची वऱ्हाडी आपल्याला गावंढळ वाटते. आपली मराठी पुण्यात कशी वाटते, ते एकदा आपल्या पुण्याच्या भाच्यांना विचारा.

अर्जाचा मसुदा आम्ही मराठीत तयार केला आहे, सोबत हिंदी प्रतही जोडली आहे. मंडळाच्या कार्यालयात तो सह्यांसाठी ठेवला आहे. पुढच्या यात्रेत तळावर पाळीपाळीने बसायला माणसे हवी आहेत, प्रत्येकी दोन दिवस पुरेत. राहण्याची सोय साधी असेल, पाऊस भरपूर असेल. ज्यांच्या घरी अजून कोणी आजी वऱ्हाडी बोलत असतील, त्यांनी आपली नावे आधी द्यावीत.