वर्गणी की वाटा?

'मंथन' हा चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर निर्माता म्हणून एखाद्या शेठजीचे नाव येत नाही. गुजरातचे पाच लाख शेतकरी हा चित्रपट सादर करीत आहेत, असे तेथे लिहिलेले दिसते. १९७६ सालचा हा चित्रपट. दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचे, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची आणि पडद्यावर स्मिता पाटील, गिरीश कार्नाड, नसीरुद्दीन शाह. खर्च सुमारे दहा लाख रुपये. गुजरातच्या दूध उत्पादक सहकारी संघांच्या सभासदांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि पाच लाख गुणिले दोन असा साधा हिशेब जमला. पुढे हेच शेतकरी ट्रक भरभरून 'आपला' सिनेमा बघायला आले. २०२४ च्या मे महिन्यात या चित्रपटाची नव्याने सिद्ध केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा ही दोन रुपयांची गोष्ट पुन्हा एकदा कौतुकाने सांगितली गेली.

कौतुक योग्यच आहे. पण मला या निमित्ताने एक रुक्ष प्रश्न विचारावासा वाटतो. ते दोन रुपये नेमके काय होते? वर्गणी होती की भांडवल? शेतकऱ्याने ते देऊन टाकले होते की गुंतवले होते?

हा प्रश्न आता मध्यमवर्गीय घरांच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे. कुणाचा भाचा चित्रपट काढतो आहे, कुणाच्या मैत्रिणीची नाटकमंडळी प्रायोगिक नाटक बसवते आहे, एखादे नियतकालिक जाहिरातदारांच्या मिंधेपणातून सुटू पाहते आहे, एखादी तरुण पत्रकारांची तुकडी केवळ वाचकांच्या पैशावर बातमीदारी करू म्हणते आहे. हे सगळे आपल्याकडे पैसे मागतात. मागताना शब्द मात्र मोघम वापरतात. 'आमच्या प्रवासात सहभागी व्हा', 'सहनिर्माते व्हा', 'हे तुमचेच आहे असे समजा.' समजायचे म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही.

मराठीत या व्यवहारासाठी दोन स्वच्छ शब्द आहेत. वर्गणी आणि वाटा. वर्गणी दिली की पैसे गेले. तिच्या बदल्यात गणपती नीट बसला पाहिजे आणि शेवटी फलकावर जमाखर्च लागला पाहिजे, एवढीच अपेक्षा. वाटा म्हटला की मालकी आली, मिळकत आली, तोटाही आला. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. घोटाळा होतो तो वर्गणी घेऊन वाट्याचे स्वप्न दाखवले जाते तेव्हा.

'मंथन'चे उदाहरण याच कसोटीवर बघितले तर फार बोलके आहे. शेतकऱ्यांना लाभांशाची आशा दाखवून ते दोन रुपये घेतलेले नव्हते. पण ते पाण्यातही गेले नाहीत. डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी या चित्रपटाच्या प्रती गावोगाव पाठवल्या आणि त्यांच्याबरोबर पशुवैद्य व दुग्धव्यवसायाचे जाणकार पाठवले. चित्रपट पाहून गावे सहकारी दूध संस्था काढण्याचा विचार करू लागली. परतावा मिळाला तो चळवळीच्या वाढीतून. शिवाय पैसे मागणारी संस्था शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची होती. अनोळखी निर्मात्याने दारोदार हिंडून दोन दोन रुपये गोळा करणे आणि आपल्याच संघाने ते घेणे, यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. विश्वास आधी उभा होता, चित्रपट नंतर आला.

निखळ वर्गणीचे उदाहरण केरळात सापडते. जॉन अब्राहम या दिग्दर्शकाने आणि त्याच्या 'ओडेसा' गटाने गावोगाव हिंडून, चित्रपट दाखवून लोकांकडून पैसे जमवले आणि त्यातून १९८६ साली 'अम्मा अरियान' उभा केला. तेथे नफ्याची भाषाच नव्हती, त्यामुळे फसवणुकीलाही जागा नव्हती.

याउलट वाट्याची परंपरा पाहायची तर ती आपल्या घरचीच आहे. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघेही कलावंत आणि तिघेही मालक. रंगभूमीवर या कंपनीने जे वैभव दाखवले ते आजही दंतकथेसारखे सांगितले जाते. पण काही वर्षांतच आधी टेंबे आणि मग बोडस बाहेर पडले, बालगंधर्व एकटेच मालक उरले आणि कंपनी कर्जात रुतली. उंची वस्त्रे, अत्तरे, खरेखुरे दागिने यांवरचा खर्च ठाऊक असलेले लोक पुष्कळ होते. तो थांबवण्याचा अधिकार असलेला भागीदार मात्र उरला नव्हता.

दुसरे उदाहरण प्रभात फिल्म कंपनीचे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ती स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चार कसबी लोक आणि त्यांच्या जोडीला भांडवल घालणारे सराफ सीतारामपंत कुळकर्णी. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की येथे हुन्नरालाही भांडवलाइतकीच प्रतिष्ठा मिळाली. ज्याच्याकडे पैसा नव्हता, पण हात आणि डोळा होता, तोही पगारी नोकर न राहता भागीदार झाला. १९३६ चा 'संत तुकाराम' अशा भागीदारीतून निपजला. पुढे मतभेद झाले, १९४२ साली शांताराम बाहेर पडले, हेही खरे. भागीदारी अमर नसते. पण ती असताना जे घडले ते नोकरीतून घडले असते का, याविषयी मला शंका आहे.

पुस्तकांच्या क्षेत्रातही असे प्रयोग झाले. १९४५ साली केरळात कोट्टयम येथे बारा लेखकांनी १२० रुपयांच्या भांडवलावर साहित्य प्रवर्तक सहकारी संघ काढला. लेखकच मालक असल्यामुळे या संघाने लेखकाला तीस टक्क्यांपर्यंत मानधन दिले. मराठीत दहा-पंधरा टक्के मिळाले तरी धन्य मानणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. आपल्याकडे १९७४ साली 'ग्रंथाली'ने दुसरी वाट काढली. तिने वाचकालाच आधी सभासद करून घेतले. पैसे आधी, पुस्तक नंतर, आणि तेही स्वस्तात. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली या वाचक चळवळीतून आले. तेथे वाचकाला परतावा पुस्तकाच्या रूपाने मिळत होता आणि तो हाताळून पाहता येत होता.

मग आज नव्याने पैसे मागणाऱ्यांनी सरळ भागीदार का करून घेऊ नये? येथे कायदा आडवा येतो, आणि माझ्या मते तो सर्वस्वी चुकीचाही नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार खासगी कंपनीला दोनशेपेक्षा अधिक भागधारक ठेवता येत नाहीत. सर्वसाधारण जनतेकडून भांडवल घ्यायचे तर माहितीपत्रक, छाननी असे सारे सोपस्कार आले. नव्वदच्या दशकात सागवानाच्या झाडांत पैसे गुंतवून हात पोळलेली कुटुंबे महाराष्ट्रात थोडी नाहीत. अशा सामूहिक गुंतवणुकीच्या योजनांसाठी 'सेबी'ने १९९९ साली नियम केले ते त्या अनुभवानंतर. त्यामुळे आज बहुतेक कलाप्रकल्प वर्गणीच घेतात आणि बदल्यात श्रेयनामावलीत नाव, तिकिटे, सही केलेली प्रत असे काहीबाही देतात. मर्यादेत राहूनही वाटा देता येतो, हे कन्नड दिग्दर्शक पवन कुमार यांनी दाखवले. 'लुसिया' या २०१३ च्या चित्रपटासाठी त्यांनी एकशे दहा जणांकडून सत्तावीस दिवसांत सुमारे पन्नास लाख रुपये उभे केले. एकशे दहा हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. इतक्या लोकांना हिशेब दाखवता येतो.

वाटा घ्यायचा ठरला तरी तो कशातला, हे विचारलेच पाहिजे. समजा, एक मराठी चित्रपट पन्नास लाखांत झाला आणि त्याची तिकिटे एक कोटीची विकली गेली. वर्तमानपत्रात 'कोटीची कमाई' असा मथळा येईल. पण त्यातून पंधरा लाख कर गेला असे धरू. उरलेल्या पंच्याऐंशी लाखांतला निम्मा वाटा चित्रपटगृहाचा. राहिले साडेबेचाळीस. त्यातून वितरकाचे कमिशन आणि जाहिरात यांचे वीस लाख वजा केले, की निर्मात्याच्या हाती साडेबावीस लाख येतात. म्हणजे कोटीचा चित्रपट साडेसत्तावीस लाखांनी तोट्यात! ज्याला 'नफ्यात दहा टक्के' कबूल केले होते त्याला शून्य मिळेल. ज्याला 'निर्मात्याच्या हाती येणाऱ्या रकमेत दहा टक्के' कबूल केले होते त्याला सव्वादोन लाख मिळतील. यात लबाडी कोणीच केलेली नाही. फरक पडला तो एका शब्दाने.

हीच गोष्ट कलावंतांच्या बाबतीत कायद्याने अंशतः मान्य केली आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले, की त्याच्या स्वामित्वधनात गीतकार व संगीतकार यांचा वाटा राहतो, आणि तो कराराने निर्मात्याला देऊन टाकता येत नाही, असे तीत ठरले. एकरकमी बिदागी घेऊन घरी जा, या जुन्या रिवाजाला त्यामुळे धक्का बसला.

वृत्तपत्रांचा प्रश्न मात्र निराळा आहे. तेथे पैसे घालणाऱ्याला बातमीत वाटा मिळता कामा नये. फ्रान्समधील 'ल मोंद' या दैनिकात १९५१ पासून पत्रकारांच्या संस्थेकडे भाग होते आणि त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. पण पत्र कर्जात बुडाले आणि २०१० साली ताबा तीन धनिकांकडे गेला. जर्मनीतील 'टात्स' हे दैनिक १९९२ पासून सहकारी संस्थेच्या मालकीचे आहे. वीस हजारांहून अधिक सभासद, कितीही भाग घेतले तरी प्रत्येकाला एकच मत. हे तत्त्व महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. साखर कारखाने, दूध संघ, पतपेढ्या आपण याच तत्त्वावर काढल्या. वर्तमानपत्राला मात्र आपण ते क्वचितच लावून पाहिले. आणि सहकारात पुढे काय काय शिरते हेही आपल्याला ठाऊक असल्याने, कदाचित ते बरेही झाले असेल.

याविषयीचा सर्वांत मर्मग्राही विचार मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे सापडतो. १९२० साली 'मूकनायक' सुरू झाले ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. १९२७ साली सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' तर बाबासाहेब जवळजवळ एकहाती लिहून काढीत. पैशाची चणचण पराकोटीला गेली, तेव्हा पत्राच्या डोक्यावरचे ऋण हे खरे पाहता समाजाचेच ऋण नव्हे काय, असा सवाल त्यांनी अग्रलेखातून केला. याचा अर्थ मी असा घेतो, की पैसे देणारा वाचक उपकार करीत नाही. जे त्याच्यासाठी आधीच केले गेले आहे त्याची तो फेड करीत असतो. पत्रकारितेला दिलेल्या पैशाचा याहून वेगळा परतावा शोधू नये.

तेव्हा उद्या कोणी आपल्याकडे पाचशे किंवा पाच हजार रुपये मागितले, तर संकोच न करता विचारावे: ही वर्गणी आहे की वाटा? वाटा असेल तर कोणत्या रकमेतला, किती वर्षे आणि कागदावर की तोंडी? ज्यांनी राबून काम केले त्यांचे पैसे आधी मिळणार की आमचे? हिशेब कोण तपासणार आणि तो आम्हाला केव्हा दिसणार? प्रामाणिक माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि उत्तर 'ही वर्गणीच आहे, परत काही मिळणार नाही' असे आले, तर काम चांगले असल्यास खुशाल द्यावी. फक्त ती देताना भाच्याच्या सिनेमाच्या भरवशावर मुलीच्या शिक्षणाचे पैसे काढू नयेत.