प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे?

संगणकावर आराखडा काढावा आणि थ्री-डी प्रिंटरने वा लेझर कटरने ती वस्तू डोळ्यांदेखत घडवावी, ही सोय आता शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचली आहे. यंत्र म्हटले की नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. डोक्याचे काम वरच्यांचे आणि हाताचे काम खालच्यांचे, ही विभागणी जातिव्यवस्थेने शतकानुशतके पोसली. एकाच मुलाला विचारही करायला लावणारे आणि वस्तूही घडवायला लावणारे साधन समतेच्या बाजूचे आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला, त्याचे मर्म हेच होते.

महाराष्ट्राला ही वाट परकी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. ग्रामीण मुलांनी वेल्डिंग, शेती, वीजजोडणी करीत विज्ञान शिकावे, ही त्यामागील भूमिका. अमेरिकेतील एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली याच अवर्षणग्रस्त गावात उभी राहिली.

सरकारी धोरणाने यातून कोणता बोध घेतला? २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरले. पण मैदानी भागातील शाळेकडे १,५०० चौरस फूट जागा असावी, अशी अटही घातली गेली. जेथे एका खोलीत दोन इयत्ता बसतात, त्या शाळेने ही जागा कोठून आणावी? ज्याच्यापाशी आहे त्यालाच आणखी द्यावे, हा न्याय बाजाराचा आहे, शिक्षणाचा नव्हे.

२०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत अशा ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली. तिचे स्वागतच आहे. परंतु यंत्र बसविणे म्हणजे शिकविणे नव्हे. प्लॅस्टिकची तार संपली, नोझल तुंबले, दुरुस्तीला पैसा नाही, की यंत्र कुलूपबंद होते आणि साहेबांच्या भेटीदिवशीच त्यावरची धूळ झटकली जाते. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेसाठी कायम निदेशकाचे पद, साहित्यासाठी वार्षिक तरतूद आणि वेळापत्रकात सर्व मुलामुलींसाठी हक्काचे तास, या आपल्या मागण्या असल्या पाहिजेत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. कार्यकर्त्यांनी या पालकांना सोबत घ्यावे आणि पुढच्याच बैठकीत विचारावे: त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि गेल्या महिन्यात कुलूप किती वेळा उघडले?